आईबापाचा कॅन्सर पसरल्यावर : कोणते औषध कशासाठी?



उसावर लोकरी मावा पडला किंवा खोडव्याला हुमणी लागली, म्हणजे आपण गट ऑफिसात जातो, शेती अधिकाऱ्याला पान दाखवतो. औषध कोणते, प्रमाण किती, खर्च किती, हे विचारल्याशिवाय पंपात पाणी भरत नाही. तीच माणसे आपण. पण घरात आईला किंवा वडिलांना कॅन्सर निघाला, आणि तो पसरला आहे असे डॉक्टर म्हणाले, की काही विचारायची शुद्ध राहत नाही. सांगणारे मात्र दारात येतात. कोणी काढा सांगतो, कोणी लक्ष्मणफळ, कोणी गव्हांकुराचा रस, कोणी चार जिल्हे ओलांडून बसलेला जाणकार. सांगणाऱ्याच्या मनात बहुधा कपट नसते. पण पैसा आपला जातो, आणि सोसणारे माणूस आपले असते.

या लेखात एकच गोष्ट सांगायची आहे. औषध कोणतेही असो, डॉक्टरचे असो की झाडपाल्याचे, ते कशासाठी द्यायचे हे आधी ठरवावे. आणि ते ठरवताना ज्याचे दुखणे आहे त्याला विचारावे.

पूरक वेगळे, पर्यायी वेगळे

डॉक्टरांचा उपचार चालू ठेवून त्याच्या जोडीला जे करतो ते पूरक. पायाला तेल चोळणे, प्राणायाम, हलकी आसने, भजन, हरिपाठ, मळमळ होते म्हणून आल्याचा तुकडा चघळणे, हे सगळे त्यात येते. त्याने गाठ विरघळत नाही. पण थकवा, झोप, भीती, मळमळ यांत अनेकांना बरे वाटते, आणि दुखणेकऱ्याला बरे वाटणे ही लहान गोष्ट नाही. मोठ्या कॅन्सर रुग्णालयांतूनसुद्धा आता योगासने शिकवतात.

डॉक्टरांचा उपचार बंद करून त्याच्या जागी जे देतो ते पर्यायी. धोका येथे आहे. अमेरिकेत २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, कॅन्सर दूरवर पसरलेला नसताना नेहमीचे उपचार नाकारून फक्त पर्यायी उपचार घेतलेले २८१ रुग्ण तपासले. नेहमीचे उपचार घेतलेल्यांच्या तुलनेत त्यांचा मृत्यूचा धोका अडीच पट निघाला. म्हणजे ज्याचा आजार आटोक्यात येण्यासारखा आहे त्याने काढ्याच्या नादी लागून महिने घालवणे, हे पाणी असताना पीक वाळवण्यासारखे आहे.

आजार पसरल्यावर प्रश्न थोडा बदलतो. तेव्हा बहुतेक कॅन्सर समूळ जात नाहीत आणि डॉक्टरही तसे सांगतात. मग घरचे म्हणतात, "डॉक्टरनं हात टेकलेच आहेत, तर हे करून बघायला काय जातंय?" काय जाते ते पुढे पाहू.

आमच्या घरची हकीकत

२०२२ साली दिवाळीनंतर, कारखान्याचे गाळप नुकतेच सुरू झाले होते. आईच्या कंबरेत सारखे दुखत होते. अंगावरून जात होते, ते तिने सहा महिने कोणाला सांगितले नव्हते. जिल्ह्याच्या ठिकाणी तपासण्या झाल्या. गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर, आणि तो मणक्याच्या हाडात व फुप्फुसात पोचलेला. डॉक्टरीणबाईंनी आम्हा भावंडांना बसवून सांगितले, "पूर्ण बरं होणार नाही. पण त्रास पुष्कळ कमी करता येईल." दादांनी पहिले वाक्य ऐकले; दुसरे त्यांच्या कानातच शिरले नाही.

आठ दिवसांत मावसभावाने एका औषधवाल्याचा पत्ता आणला. एकवीस दिवसांचा एक कोर्स, असे पाच कोर्स. मीठ बंद, साखर बंद, आणि डॉक्टरच्या सगळ्या गोळ्या बंद. औषधात काय आहे हे तो सांगेना, पावती देईना. रक्कम ऐकून मी गप्प बसलो. दादा म्हणाले, पाटाकडेची वीस गुंठे काढू, आईपुढे रान काय मोठे? त्यांचे खोटे होते असे मी कधीच म्हणणार नाही. थोरल्या मुलाला काहीतरी करावे वाटते. हातावर हात ठेवून बसणे त्याला जमत नाही.

शेवटी आक्काने, म्हणजे आमच्या बहिणीने, सरळ आईलाच विचारले. आई म्हणाली, "माझ्यापायी रान इकू नगा. मला रातीला पाठ टेकवता आली पायजे, आन् उंबऱ्यापतोर माझ्या पायानं जाता आलं पायजे. एवढं बगा." आम्ही सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिलो. तोवर आईला कोणी विचारलेच नव्हते.

सदाफुलीचा उतारा

झाडपाला म्हणजे खोटा, असे मात्र समजू नका. आपल्या अंगणातली सदाफुली घ्या. तिच्या पानांतून व्हिनब्लास्टिन आणि व्हिनक्रिस्टिन ही दोन औषधे १९५० ते १९६० च्या सुमारास शोधली गेली. रक्ताच्या कॅन्सरवर, विशेषतः लहान मुलांच्या, व्हिनक्रिस्टिन आजही वापरतात. तेव्हा "सदाफुलीत कॅन्सरचे औषध आहे" ही गोष्ट खरी आहे.

आता उताऱ्याच्या भाषेत बोलू. आपला टनभर ऊस गाळला तर शंभर किलोच्या आसपास साखर निघते. सदाफुलीची टनभर वाळलेली पाने घेतली तर व्हिनक्रिस्टिन निघते अवघे काही ग्रॅम. ते शुद्ध करून, वजन-उंचीप्रमाणे मोजून, शिरेतून देतात, आणि मोठ्या माणसालाही एका वेळी साधारण दोन मिलिग्रॅमच्या वर सहसा देत नाहीत, इतके ते जहाल. सकाळी उपाशीपोटी दहा पाने चावली तर त्यातून औषध किती गेले आणि विष किती गेले, हे कोणीच सांगू शकत नाही. झाडातले औषध आणि झाड, यांत ऊस आणि साखर यांच्याइतकेच अंतर आहे. मध्ये कारखाना लागतो.

"अमक्याला गुण आला"

प्रत्येक औषधामागे असा एक अमका असतो. तो खोटे बोलतो असे नाही. पण एक शेतकरी म्हणून विचार करा. एखाद्याने प्लॉटवर नवे टॉनिक फवारले आणि एकरी साठ टन काढला. त्याने शेणखत किती घातले, पाणी कसे दिले, बेणे कोणते होते, हे आपण विचारतो की नाही? टॉनिक न फवारलेली एखादी सरी शेजारी ठेवली होती का, हेही विचारतो. माणसाच्या बाबतीतही तेच विचारावे. त्या अमक्याची बायोप्सी झाली होती का? कॅन्सर पसरलेला होता का? आधी ऑपरेशन, केमो, रेडिएशन झाले होते का? आणि ज्यांना गुण आला नाही ते आज सांगायला कोठे आहेत?

एक जुने उदाहरण आहे. जर्दाळूच्या बियांपासून काढलेले लेट्रिल नावाचे औषध १९७० नंतरच्या काळात अमेरिकेत फार गाजले. त्याला 'व्हिटॅमिन बी १७' असेही नाव दिले. प्रत्यक्षात ते जीवनसत्त्व नाही. लोकांचा आग्रह एवढा वाढला की सरकारी कॅन्सर संस्थेच्या मदतीने ते १७८ रुग्णांना रीतसर देऊन पाहिले. १९८२ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला : आजार बरा होणे, थांबणे, त्रास कमी होणे, आयुष्य वाढणे, यांपैकी कशातही ठोस फायदा नाही. उलट काही रुग्णांच्या रक्तात सायनाइड धोक्याच्या पातळीजवळ गेलेले आढळले. तरी 'बी १७' हे नाव घेऊन त्या बिया आजही विकल्या जातात.

काढ्यालाही दुष्परिणाम असतात

"आयुर्वेदिक आहे, अपाय तर नाही ना," असे आपण सहज म्हणतो. कोविडच्या काळात, २०२०-२१ मध्ये, रोज गुळवेलाचा काढा घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचे मुंबईच्या डॉक्टरांनी नोंदवले. २००४ साली अमेरिकेतील बोस्टन शहराच्या दुकानांत मिळणारी ७० आयुर्वेदिक औषधे तपासली, तेव्हा त्यांपैकी १४ मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक सापडले. म्हणून सगळीच औषधे वाईट ठरत नाहीत. पण पुडीवर नाव नाही, घटक नाहीत, बनवणाऱ्याचा परवाना नाही, अशी पुडी आधीच थकलेल्या यकृतावर आणि मूत्रपिंडावर टाकणे बरे नव्हे. केमो चालू असेल तर काढा आणि केमो एकमेकांत अडथळा करू शकतात.

काही द्यायचेच असेल तर डॉक्टरांपासून लपवू नका. पुडी, बाटली, जे असेल ते पिशवीत घालून दाखवा. डॉक्टर रागावतील ही भीती असते. एखादा रागावेलही. पण सांगितले नाही आणि उद्या कावीळ दिसली, तर ती आजाराची की काढ्याची, हे त्यांना कसे कळावे?

साखर बंद करावी काय?

कारखान्याच्या अंकात लिहितो म्हणून साखरेची वकिली करतो, असे कोणी म्हणू नये. कॅन्सरच्या पेशी साखर जास्त खातात, म्हणून रुग्णाची साखर, गूळ, फळे बंद करा, हा सल्ला गावोगावी फिरतो. पेशी जास्त साखर ओढतात हे खरे आहे. पण भाकरी, भात, डाळ यांचीही शेवटी शरीरात साखरच होते, आणि काहीच खाल्ले नाही तर शरीर आपले मांस मोडून ती तयार करते. खाण्यातली साखर तोडून कॅन्सर उपाशी मरतो, असे सिद्ध झालेले नाही. पथ्याच्या नावाखाली माणूस मात्र झडतो, आणि झडलेल्या माणसाला उपचार सोसत नाहीत. मधुमेह असेल तर डॉक्टरांचे पथ्य पाळावेच. एरवी पसरलेल्या आजारात जे घशाखाली उतरेल ते, थोडे थोडे, वारंवार द्यावे. दूध, अंडे, मऊ भात, शिरा, पेज, काय आवडते ते विचारावे.

दुखणे थांबवणे हाही उपचारच

आता मुख्य मुद्दा. "आमच्याकडे आता इलाज नाही" याचा अर्थ आजार समूळ काढायचा इलाज नाही, एवढाच. दुखणे, उलटी, धाप, जखमेची घाण, झोप न येणे, मनाची घालमेल, यांवर इलाज असतो. त्याला डॉक्टर पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. आपण उपशामक उपचार म्हणू. हा उपचार अगदी शेवटच्या दिवशी सुरू करायचा नसतो. बोस्टनच्याच एका रुग्णालयात फुप्फुसाचा पसरलेला कॅन्सर असलेल्या १५१ रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला नेहमीचे उपचार, दुसऱ्याला त्याबरोबर पहिल्यापासून उपशामक उपचार. २०१० साली निकाल प्रसिद्ध झाला. दुसऱ्या गटाचे दिवस बरे गेले, मन कमी खचले, अखेरीस जहाल उपचार कमी करावे लागले, आणि तरीही ते साधारण ११.६ महिने जगले. पहिला गट ८.९ महिने. ज्याला आपण हात टेकणे समजतो, त्यानेच दिवस वाढले.

दुखण्यावरचे मुख्य औषध मॉर्फिन. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ साली पायरी-पायरीने वेदनाशामक देण्याची पद्धत घालून दिली. साध्या गोळीने भागले नाही तर पुढची, आणि जोरदार दुखण्याला मॉर्फिन, तेही शक्यतो तोंडाने आणि घड्याळ लावून. मॉर्फिन अफूपासून होते. सरकारी परवान्याने अफू पिकवणारा आपला देश. पण १९८५ चा अमली पदार्थांचा कायदा आला आणि वेगवेगळ्या परवान्यांच्या जंजाळात आपल्याच रुग्णांना मॉर्फिन मिळेनासे झाले. २०१४ साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि मान्यताप्राप्त रुग्णालयांना ते ठेवणे सोपे झाले. तरीही प्रत्येक तालुक्यात मिळतेच असे नाही; विचारावे लागते.

मॉर्फिनने व्यसन लागते, माणूस लवकर जातो, असे ऐकिवात असते. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, दुखण्याच्या मापाने दिलेल्या मॉर्फिनने तसे होत नाही. मात्र शौचास घट्ट होते, म्हणून पोट साफ होण्याचे औषध त्याच्याबरोबर पहिल्या दिवसापासून द्यावेच. सुरुवातीचे काही दिवस गुंगी आणि मळमळ वाटते, ती बहुधा ओसरते. गोळ्या कुलपात ठेवाव्यात आणि डोस मनाने वाढवू नये.

आईच्या मणक्यावर रेडिएशनची एकच बैठक झाली. हाडाच्या दुखण्याला पुष्कळदा तेवढी पुरते, हे आम्हाला तेथे कळले. सोबत मॉर्फिनच्या गोळ्या. पंधरवड्यात ती रात्रभर झोपू लागली. दादा रोज संध्याकाळी तिच्या पायांना तेल लावत. तुळशीचा काढा करून देत, डॉक्टरीणबाईंना विचारून. आई धरून धरून उंबऱ्यापर्यंत जाई आणि येणाऱ्या-जाणाऱ्या ऊसगाड्या मोजत बसे. रान विकले नाही. पुढच्या आषाढीच्या थोडे आधी ती घरीच गेली, आम्ही सगळे जवळ असताना.

पैसे मोजण्यापूर्वी विचारायचे प्रश्न

कोणताही पर्यायी उपचार सांगणाऱ्याला पुढील प्रश्न शांतपणे विचारावेत.

१) औषधात काय आहे, ते लिहून द्याल का? 
२) पैशाची पावती मिळेल का? 
३) डॉक्टरांची औषधे चालू ठेवायची की बंद करायची? "बंद करा" म्हणाला, तर तेथून उठावे. 
४) यकृत आणि मूत्रपिंडाची रक्ततपासणी मधूनमधून कोण करणार? 
५) बरे झालेल्यांचे आधीचे आणि नंतरचे रिपोर्ट दाखवाल का? 
६) किती दिवसांत कोणता फरक दिसेल, आणि दिसला नाही तर कधी थांबायचे?

हेही ध्यानात ठेवावे की १९५४ च्या औषधे व जादुई उपाय कायद्याने कॅन्सर बरा करतो अशी औषधाची जाहिरात करायला मनाई आहे. जो छापून खात्री देतो, तो कायदा मोडतो.

डॉक्टरांनाही विचारावे. हा उपचार आजार काढण्यासाठी आहे, दिवस वाढवण्यासाठी आहे की त्रास कमी करण्यासाठी? त्याने किती फरक पडेल, त्रास किती होईल, खर्च किती? शेवटच्या टप्प्यात एकामागून एक महागडी केमो घेणेही कर्जात लोटू शकते. "नको" म्हणण्याचा हक्क रुग्णाला आहे.

कोठे जावे?

मुंबईत परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ पासून आहे. तेथे पॅलिएटिव्ह केअरचा वेगळा विभाग आहे. नातेवाइकांच्या राहण्याची सोय दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत होऊ शकते. बार्शीला नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर रुग्णालय आहे. ग्रामीण भागातील कॅन्सरची नोंद ठेवण्याचे काम देशात प्रथम बार्शीतच १९८७ साली सुरू झाले. पुण्यात वारजे येथे सिप्ला पॅलिएटिव्ह केअर केंद्र १९९७ पासून आहे; तेथे रुग्णाची सेवा मोफत होते आणि घरच्यांनाही सेवा कशी करावी हे शिकवतात. वांद्र्याचे शांती आवेदना सदन १९८६ साली सुरू झाले. असाध्य कॅन्सरच्या रुग्णांसाठीचे ते देशातील पहिले आश्रयस्थान. आपल्या जिल्हा रुग्णालयातही हा विभाग आहे का, ते आधी विचारावे.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे ऑपरेशन, केमो आणि रेडिएशन बसतात. शिधापत्रिका आणि आधार कार्ड घेऊन योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटावे. रेल्वे आणि एस.टी.च्या भाड्यात कॅन्सर रुग्णाला सवलत असते. रुग्णालयातून दाखला मागून घ्यावा.

शेवटी एवढेच. आईबापासाठी जीव टाकणारी मुले आपल्या भागात पुष्कळ आहेत, ही आपली श्रीमंती आहे. त्या मायेचा फायदा कोणी घेऊ नये, एवढी काळजी आपणच घ्यायची. शेजारी कोणाच्या घरी असे दुखणे असेल तर नवा पत्ता घेऊन जाण्याऐवजी चार तास रुग्णाजवळ बसून घरच्यांना झोपू द्यावे. दवाखान्यात न्यायला गाडी द्यावी. त्यांच्या उसाची पाळी चुकू देऊ नये. आणि आपल्याच घरी असेल, तर आज संध्याकाळी दिवेलागणीला आईच्या किंवा आप्पांच्या जवळ बसून हळूच विचारावे, "तुम्हाला काय हवंय?" उत्तर बहुधा परवडणारे असते.

— एक सभासद